बोटांना न कळलेली सुई

लातूरला किमो घेताना माझ्या शेजारच्या खुर्चीवर माजलगावकडची शोभाताई असायची. ती पण माझ्यासारखी शिवणकाम करणारी. परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "वंदनाताई, तुमी मशीनवर बसलात का पुन्हा? माझी तर बोटं मेल्यावानी झालीत. आन घरात मांजर हाय, लेकरागत अंगाखांद्यावर खेळतंय. भ्या वाटायलंय."

तिला फोनवर सुचेल तसं सांगितलं. फोन ठेवल्यावर वाटलं, नीट लिहूनच काढावं. औषधानं केस जातात, तोंड येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बरं होऊन घरी आल्यावर सुईदोरा हातात घेतला की काय होतं, ते ज्यांना झालंय त्यांनीच सांगायला पाहिजे.

गाठ

मी धारूरला राहते. बाजाराच्या मागं, किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर. पुढच्या खोलीत माझी मशीन. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, लग्नसराईत टिकल्या-मण्यांचं काम घेते. मालक शेळ्या-मेंढ्या पाळतात. त्यांच्या वडिलांनी तेच केलं, आज्यानं तेच केलं. घरात सासूबाई आहेत, त्यांना मी आत्याबाई म्हणते. आणि मुलगी रूपाली, अंबाजोगाईला कॉलेजला.

गाठ अंघोळ करताना हाताला लागली. तेव्हा बोटांना सगळं कळत होतं. अस्तरात राहिलेली टाचणी मी न बघता नुसत्या बोटानं शोधायची, तशी ती सापडली. रूपालीला सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, उद्याच जायचं," आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तपासण्या झाल्या, पुढं लातूरला पाठवलं.

लातूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला तो दिवस मला नीट आठवतो, पण आठवायला पाहिजे ते आठवत नाही. त्यांच्या टेबलावर पाण्याची बाटली होती. तिला कुणीतरी क्रोशानं विणलेलं कव्हर घातलेलं होतं आणि खालच्या बाजूला त्याचा एक टाका निसटला होता. मी त्या टाक्याकडं बघत होते. आता धरला तर वाचेल, नाहीतर सगळं उसवत जाईल, असं मनात चाललं होतं. डॉक्टर म्हणत होते, "कॅन्सर आहे. पण वेळेत आलात तुम्ही. ऑपरेशन करू, मग किमो." रूपाली रडायला लागली. मालक उठले आणि म्हणाले, "गाडी बघून येतो." गाडीला काही झालेलं नव्हतं.

घरी आलो तर आत्याबाई दारातच.

"काय म्हनला डाक्टर?"

"गाठ काढायची म्हणला."

"मंग काढू की," त्या म्हणाल्या, आणि भाकरी थापायला आत गेल्या.

आमच्या घरात कॅन्सर असा आला. मी मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हुक लावून टाकले. लोक विचारतात, भीती वाटली का? खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं आतून झालं होतं. ते पुढं कितीतरी महिने तसंच राहिलं. तुम्हाला असं झालं तर स्वतःला दगड समजू नका. मी समजत होते.

खुर्च्या

ऑपरेशन झालं. छातीची एक बाजू गेली. पट्टी सोडताना नर्सबाई म्हणाली, "बघायचंय का?" मी बघितलं. शिलाई चांगली होती, सरळ आणि बारीक टाक्यांची. मी तसं म्हणाले तर ती हसली. नंतर मला वाटलं, हे मी काय बोलले.

मग किमो. हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर सलाईनची बाटली. सकाळी रक्त द्यायचं, रिपोर्ट यायची वाट बघायची, पेशी कमी असल्या तर परत जायचं, बऱ्या असल्या तर खुर्चीत बसायचं. बाया आपापल्या गावच्या गोष्टी सांगायच्या. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या कापसाला यंदा बोंडंच धरली नाहीत. रोगाबद्दल कुणी बोलायचं नाही. शोभाताई एवढी बोलकी, पण सलाईन चालू झालं की गप्प व्हायची आणि माझा पदर धरून बसायची.

माझी शीर सापडायची नाही. एक नर्सबाई गरम पाण्यात रुमाल पिळून माझ्या हाताला गुंडाळायची, थोडा वेळ तशीच धरून बसायची, मगच सुई टोचायची. तिला घाई असायची, तरी त्या रुमालापुरती ती थांबायची. त्या सगळ्या काळात मला आपलंसं वाटलेली गोष्ट म्हणजे तो रुमाल. कुणी पेशंटला भेटायला जात असाल तर नारळ-सफरचंद नेऊ नका. हात धरा. गरम असला तर बरं.

शेजारच्या काकू कपिलधारला गेल्या होत्या. तिथल्या धबधब्याचं पाणी बाटलीत घेऊन आल्या. "पी माय, लई गुन हाय त्याला." डॉक्टरांनी उकळलेल्या पाण्याशिवाय थेंब घ्यायचा नाही म्हणून सांगितलेलं. मी बाटली डोळ्याला लावली आणि ठेवली. काकू गेल्यावर रूपालीनं ते पाणी तुळशीला घातलं.

घरात ताण होता, तो लपवण्यात अर्थ नाही. रूपालीचं कॉलेज बुडत होतं. एकदा मी खिचडी परत केली तेव्हा तिनं ताट जोरात ठेवलं आणि म्हणाली, "मी पण माणूस हाय मम्मी. मला पण वास येतो, मला पण रडू येतं." मी म्हणाले, "बरं." एवढंच. तिला मिठी मारायला पाहिजे होती, पण हात उचललाच गेला नाही. मालक तर रात्रंदिवस शेळ्यांत. मला लातूरला नेऊन आणायचे, औषधं आणायचे, पण माझ्याशी बोलायचे ते शेळ्यांचं. अमुक गाभण हाय, अमकीच्या खुराला लागलंय. तुला कसं वाटायलंय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं, असंही नाही.

चिंधी

आमच्याकडं एक मांजर आहे. शिवणाच्या उरलेल्या कापडाचं पोतं मी मशीनखाली ठेवते, त्या पोत्यात रूपालीला ती पिल्लू असताना सापडली. म्हणून नाव चिंधी. पांढरी, पाठीवर तपकिरी ठिगळ. ती दिवसभर माझ्या पायाशी. मशीनचं चाक फिरलं की डोळे तिकडंच.

किमोच्या काळात डॉक्टरांनी मांजराचं नख लागू द्यायचं नाही, घाण साफ करायची नाही असं सांगितलं. आत्याबाईंना तेवढंच पाहिजे होतं. "ते घरात आलं तवापासून इडापिडा लागलीया. कशाला ठेवलंय मनती मी!" मालकांनी चिंधीला टोपलीत घातलं आणि घाट उतरून तेलगावला त्यांच्या बहिणीकडं सोडून आले. रूपाली दोन दिवस बापाशी बोलली नाही. मी खिडकीतून टोपली जाताना बघितली. तिकडं ती उसाच्या फडात उंदरं मारत होती म्हणे. जाड झाली.

उपचार संपले, तपासण्या चांगल्या आल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, तेव्हा रूपाली स्वतः जाऊन तिला घेऊन आली. चिंधी घरात शिरली, सगळे कोपरे हुंगले, आणि मशीनखाली जाऊन पोत्यावर बसली. जणू मधे काहीच झालं नव्हतं.

बोटं

बोटांचं सुरू झालं ते शेवटच्या औषधानं. आधी मुंग्या. मग मोजे घातल्यासारखं. मग काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, "नसांना धक्का बसलाय. हळूहळू येईल परत. काहींचं पूर्ण येतं, काहींचं थोडं राहतं."

तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजलं ते मला वासानं कळलं. चपलेतून पाय निघाला तरी मी तशीच चालत राहायची, मागून कुणीतरी हाक मारून सांगायचं.

तरी मशीनवर बसले. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा ते बरं वाटलं. मशीनचं जमलं, कारण पाय आणि डोळे पुरतात. अडचण हातशिलाईची. हुक, काज, तुरपाई. सुई बोटात आहे का नाही हे मला बघूनच कळायचं. नजर हटली की सुई गेली. एकदा पांढऱ्या अस्तरावर लाल ठिपके दिसले. म्हटलं कुंकू सांडलं का काय. बघते तर माझं बोट टोचलेलं, आणि मी निवांत शिवत बसलेली.

पूर्वी सुई पडली तर आवाज न होताही मला कळायचं, बोट रिकामं झालं म्हणून. आता बोट भरलेलं असो की रिकामं, सारखंच.

हिरवा दोरा

त्या दुपारी मी हिरव्या ब्लाऊजला हुक लावत होते. मधेच गिऱ्हाईक आलं, माप घेतलं, गप्पा झाल्या. परत बसले तर सुई दिसेना. मला वाटलं सुया टोचायच्या छोट्या गादीला टोचून ठेवली असेल. दुसरी घेतली आणि काम संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधी दूध-भाकरीला आली नाही. पलंगाखाली कोपऱ्यात बसलेली. तोंडातून लाळ. पंजानं गाल घासत होती, मान पुढं करून ओकारी काढत होती, पण पडत काही नव्हतं. रूपालीनं हाक मारली, "मम्मी, हिला बघ की, काय झालंय."

मालक शेळ्या सोडायला निघालेले. त्यांनी काठी ठेवली, खाली बसले आणि चिंधीला मानेवर धरून जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा घातला. जनावराचं तोंड उघडायला त्यांना वेळ लागत नाही. उजेडाकडं तोंड फिरवून बघितलं.

"दोरा हाय," ते म्हणाले. "हिरवा. जिभंच्या बुडाला आटी बसलीया. एक टोक आत गेलंय." मग माझ्याकडं बघून, "वढू का?"

शेळीच्या तोंडातली कॅरीबॅग, सुतळी ते अशीच ओढून काढतात. त्यांचा हात पुढं गेला सुद्धा.

"थांबा," मी म्हणाले. "त्याला सुई हाय."

ते ऐकून रूपालीचा चेहरा उतरला. तिनं इथल्या सरकारी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हशीच्या बाळंतपणात अडकलेले होते, पण बोलले. "ओढू नका. कापू पण नका. खायला-प्यायला काही घालू नका. सुई कुठं गेलीय ते फोटो काढल्याशिवाय कळणार नाही आणि मांजराचं ऑपरेशन माझ्याकडं होत नाही. लातूर गाठा, आत्ताच निघा." त्यांनी तिथल्या एका डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला.

मालक म्हणाले, "मांजरासाठी लातूर? लोक काय मनतील."

रूपाली म्हणाली, "पप्पा!"

आत्याबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या.

माझ्या सगळ्या आजारपणात मी एकदाही काही ठरवलं नव्हतं. चल म्हटलं की चालले, बस म्हटलं की बसले. कुठलं हॉस्पिटल, कोणतं ऑपरेशन, कधी जेवायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं आणि मी बरं म्हणत गेले. त्या सकाळी मी खुंटीवरची पिशवी घेतली, चपला घातल्या, पायात नीट बसल्यात का ते वाकून बघितलं, आणि म्हणाले, "मी चालले. यष्टीनं जाईन."

मालकांनी शेजारच्याला हाक मारून शेळ्या सोडायला सांगितल्या आणि टेम्पोची चावी घेतली. तेलगावला नेलेलीच टोपली काढली. तिच्यात आपली घोंगडी घातली, अंगावरची, दुसरी नाही, आणि चिंधीला तिच्यात ठेवलं.

आम्ही दोघं निघालो तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "सावकास जावा. तिला हिसके बसू देऊ नगा."

तोच रस्ता

केज, अंबाजोगाई, पुढं लातूर. हा रस्ता मला पाठ होता. कुठं खड्डा आहे, कुठं टेम्पो हळू होतो, कुठं मला उलटी व्हायची, सगळं. टोपली मांडीवर. चिंधी आवाज करत नव्हती. श्वास चालला होता तो घोंगडीवरून दिसत होता. मी हात तिच्या पाठीवर ठेवलेला. तिची पाठ मला कळत नव्हती, नुसता हात वरखाली होताना दिसायचा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. फोटो काढून त्यांनी आम्हाला दाखवला. करड्या पोटात पांढरी बारीक रेघ. माझीच सुई. मी ती कुठंही ओळखली असती.

"सुई पोटात आहे, अजून टोचलेली नाही," त्या म्हणाल्या. "दोरा पुढं आतड्यात उतरलाय आणि वरून जिभेला अडकलाय. ओढला नाहीत ना?"

"न्हाई," मालक म्हणाले.

"वाचवलंत तिला. दोरा ताणला गेला की आतडं त्यावर गोळा होतं आणि चिरत जातं."

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फ्रॉकच्या घेराला चुण्या घालताना मी हेच करते. मोठे टाके घालायचे आणि एक दोरा ओढायचा, सगळं कापड त्यावर गोळा होतं. मी डोळ्यापुढं ते बघितलं. मी बाकावर बसले.

चिंधीला आत नेलं. दार लागलं.

बाहेर एक कुत्रं घेऊन एक माणूस बसलेला, बाकी कुणी नाही. मालक माझ्या शेजारी बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले,

"तुझ्या आपरेशनच्या टायमाला मी असाच बसलतो."

मी त्यांच्याकडं वळून बघितलं.

"लोकं येऊन च्या पाजत व्हते. मला तर घोट गिळंना. रूपालीसमोर रडाया येईना. मनलं, ही गेली तर मी त्या घरात जाऊन करू काय? शेळ्यांला सांगू का?" त्यांनी टोपी उलटसुलट केली. "तुला इचारावं वाटायचं लई दुखतंय का. पन तू हो मनली आस्ती तर मला काय करता येत व्हतं? मनून न्हाई इचारलं."

इतक्या वर्षांच्या संसारात ते एका दमात एवढं कधी बोलले नव्हते. मला रडू यायला पाहिजे होतं, असं तुम्हाला वाटेल. मला पण वाटलं. आलं नाही. मी फक्त म्हणाले, "दुखत व्हतं." ते म्हणाले, "हां." आणि टोपी डोक्यावर ठेवली.

दार उघडलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या हातात काचेची छोटी बाटली होती. तिच्यात सुई आणि हिरवा दोरा. "झालं," त्या म्हणाल्या. "आतडं शाबूत आहे. दोन दिवस इथंच ठेवा."

ती बाटली त्यांनी माझ्यापुढं धरली, नेणार का म्हणून. मी नको म्हणाले.

आता घरात कसं चालतं

शोभाताई, आणि ज्यांच्या घरात मांजर-कुत्रं आणि शिवणकाम दोन्ही आहे त्या सगळ्या बायांनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नुसता दोरा सुद्धा तेवढाच वाईट. मांजराची जीभ खरखरीत असते, काटे आतल्या बाजूला वळलेले, त्यामुळं एकदा दोरा जिभेवर चढला की त्याला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. म्हणून आमच्याकडं आता कापलेला दोरा खाली पडू देत नाही. मशीनला प्लास्टिकची अरुंद तोंडाची बरणी बांधलीय, तुकडा निघाला की तिच्यात. रीळ आणि बॉबिन मशीनवर सोडून उठत नाही, काढून डब्यात ठेवते, मग भले दाराशीच जायचं असो. इलास्टिक, लेस, सॅटीनची रिबन, हे तर दोऱ्याचे थोरले भाऊ. टिकल्या, मणी, हुक झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. कुत्र्यांना बटणं गिळायची खोड असते, आणि काही बटणांचा, चिकटवायच्या गोंदाचा पोटात त्रास होतो म्हणे. मशीनचं तेल उंच फळीवर. इस्त्रीची वायर लोंबती ठेवत नाही, चिंधीनं ती एकदा ओढून बघितलीय.

चिंध्यांचं पोतं मात्र काढलं नाही. ते तिचं घर आहे. पण पोत्यात टाकायच्या आधी प्रत्येक तुकडा मी झटकते आणि लोंबते धागे कापते.

बोटांसाठी वेगळं. आता हातशिलाईला मी मोठ्या नेढ्याची सुई घेते, आणि बसायच्या आधी खाली पांढरी चादर अंथरते. हातशिलाई करताना गिऱ्हाईक आलं तर आधी सुई गादीला टोचायची, गादीकडं डोळ्यानं बघायचं, मगच "या बसा" म्हणायचं. लोकांना वाटतं ही बाई माणसं ओळखेना झाली का काय. वाटू द्या. मालकांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून काठीला बांधून दिलंय. काम संपलं की खोलीभर फिरवायचं. हे काम आत्याबाईंनी आपल्याकडं घेतलंय. टाचणी चिकटली की त्या मला आणून दाखवतात, "ही बग, ह्यी घे!" म्हणून, पोरीनं शिंपला आणून दाखवावा तसं.

आणि तरीही कधी जनावराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसलाच, तर हात लावू नका. घरचं तेल-तूप पाजू नका. डॉक्टरकडं न्या. लोक काय म्हणतील ते परत आल्यावर ऐका.

खरखरीत

चिंधीला घरी आणलं तेव्हा तिच्या पोटावर टाके होते आणि ते चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं भोंगं. पोटावरचे केस काढलेले. ती माझ्यासारखीच दिसत होती, असं रूपाली म्हणाली आणि जीभ चावली. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, आणि थोडंच, पण आलं.

तिला स्वतःहून खायला येत नव्हतं. भोंग्यामुळं तोंड ताटलीपर्यंत पोचत नसे. डॉक्टरीणबाईंनी कोंबडीचं मटण बिनमिठाचं शिजवून पातळ केलेलं बोटानं चाटवायला सांगितलं होतं. ते शिजवायचे मालक. आत्याबाई चुलीजवळून म्हणायच्या, "लेकराला कदी न्हाई केलं एवढं, आन मांजराला करायलाय." पण पातळ झालं का ते बघायला डाव त्याच हलवायच्या.

त्या दिवशी संध्याकाळी शेळ्या येऊन बांधून झाल्या होत्या. मी ओसरीवर बसून चिंधीला चाटवत होते. बोटावर थोडं घ्यायचं, भोंग्याच्या आत न्यायचं, वाट बघायची. आधी ती नुसतं हुंगायची. मग तिनं चाटायला सुरुवात केली. एकदा, परत एकदा, मग जोरात. माझं बोट हलत होतं. मी बघत होते.

मालक हात धुऊन आले आणि समोर उकिडवे बसले.

"काही कळतंय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"कायच न्हाई?"

"हलतंय एवढं दिसतंय."

त्यांनी वाटीत आपलं बोट बुडवलं. काठी धरून धरून त्यांची बोटं लाकडासारखी झालीत. ते बोट त्यांनी चिंधीपुढं धरलं. ती माझं सोडून त्यांचं चाटायला लागली.

"खरखरीत हाय," ते म्हणाले. डोळे मिटले, नीट समजून घ्यावं तसे. "वल्लं. गरम हाय लई. आन मधी मधी दात लागायलाय, बारीक. टोचंना, पन लागायलाय."

"अजून?" मी म्हणाले.

"आता हळू झाली," ते म्हणाले. "पोट भराया लागलं वाटतं."